शेवटचा चेंडू कोणाच्या हातात?

बास्केटबॉलचा सामना अटीतटीचा झाला, शेवटचे काही सेकंद उरले आणि आपला संघ एका-दोन गुणांनी मागे असला, की मैदानाबाहेरून एकच गलका ऐकू येतो. संघातल्या हुकमी खेळाडूचे नाव घेऊन सगळे ओरडत असतात, "त्याला दे, त्याला दे!" शाळेच्या मैदानावर हे ऐकू येते, आणि जगातल्या मोठ्यात मोठ्या स्पर्धेतही ऐकू येते. हा सल्ला बरोबर की चूक? वरवर पाहता यात विचारण्यासारखे काहीच नाही. ज्याचा नेम सर्वांत चांगला, त्याच्याच हातात चेंडू द्यावा, हे कोणालाही पटेल. पण थोडे गणित मांडून पाहिले, की हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही. हे गणित आठवी-नववीच्या पलीकडचे नाही. ते समजून घेण्यासाठी आधी एका खऱ्या सामन्याकडे जाऊ.

फिनिक्समधले चौदा सेकंद

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या स्पर्धेला एन.बी.ए. म्हणतात. तिच्या अंतिम फेरीत दोन संघ एकमेकांशी जास्तीत जास्त सात सामने खेळतात आणि आधी चार जिंकणारा विजेता ठरतो. १९९३ साली या फेरीत शिकागो बुल्स आणि फिनिक्स सन्स हे संघ होते. शिकागोने तीन सामने जिंकले होते, फिनिक्सने दोन. सहावा सामना २० जूनला फिनिक्समध्ये झाला.

शिकागोच्या संघात मायकेल जॉर्डन होता. त्या अंतिम फेरीत त्याने सामन्यामागे सरासरी ४१ गुण मिळवले. अंतिम फेरीत एवढी सरासरी त्याआधी कोणाचीच नव्हती. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात तर त्याच्या संघाला जे ९ गुण मिळाले होते, ते सगळे एकट्या जॉर्डनचे होते. बाकीच्या खेळाडूंची पाटी कोरी होती. १४ सेकंद उरले असताना फिनिक्स ९८ आणि शिकागो ९६ अशी स्थिती होती. आता चेंडू कोणाकडे जाणार, हे प्रेक्षकांना, फिनिक्सच्या खेळाडूंना, सगळ्या जगाला ठाऊक होते.

जॉर्डनने चेंडू पुढे आणला आणि स्कॉटी पिपेनला दिला. पिपेन रिंगच्या दिशेने घुसला आणि त्याने तो होरेस ग्रँटकडे टाकला. ग्रँट रिंगच्या अगदी जवळ होता, पण त्याने फेक केली नाही. त्याने चेंडू मागे, तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळ्या उभ्या असलेल्या जॉन पॅक्सनकडे पाठवला. पॅक्सनने नेम धरला. ३.९ सेकंद उरले असताना चेंडू जाळीतून खाली आला. शिकागो ९९, फिनिक्स ९८. शिकागोने सामना जिंकला आणि विजेतेपदही.

मग जॉर्डनच्या हातात चेंडू द्यायला हवा होता हे म्हणणे चुकीचे होते काय? की पॅक्सनची ती फेक म्हणजे नशिबाचा खेळ होता? एका सामन्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकांना आम्ही सांगायला नको. तेव्हा आणखी थोडी माहिती घेऊ.

गुण वाढले, पण विजय नाहीत

२० एप्रिल १९८६ रोजी बॉस्टन सेल्टिक्सविरुद्ध बाद फेरीच्या सामन्यात जॉर्डनने एकट्याने ६३ गुण केले. सामना बरोबरीत सुटल्यामुळे दोनदा जादा वेळ द्यावा लागला. शेवटी शिकागो १३१–१३५ असा हरला. पुढच्या, म्हणजे १९८६–८७च्या हंगामात जॉर्डनची सरासरी सामन्यामागे ३७.१ गुण होती. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत एवढी सरासरी पुन्हा कधी झाली नाही. त्या हंगामातल्या ८२ सामन्यांपैकी शिकागोने ४० जिंकले आणि ४२ गमावले. बाद फेरीत बॉस्टनने त्यांना ३–० असे सरळ हरवले.

१९८९ साली फिल जॅक्सन शिकागोचा प्रशिक्षक झाला. त्याचा सहायक टेक्स विंटर याने एक खेळपद्धती वर्षानुवर्षे घोटून तयार केली होती. तिच्यात खेळाडू त्रिकोण करून उभे राहतात, चेंडू सतत फिरता ठेवतात आणि बचाव करणारे जिथे कमी पडतील तिथे तो पोहोचवतात. १९९०–९१च्या हंगामात जॉर्डनची सरासरी ३१.५ गुणांवर आली. संघाने मात्र ६१ सामने जिंकले आणि पहिल्यांदाच विजेतेपद मिळवले.

हा सगळा बदल केवळ चेंडू वाटून खेळल्यामुळे झाला असे म्हणता येणार नाही. मधल्या काळात पिपेन आणि ग्रँट संघात आले होते आणि तयारही झाले होते. पण एक गोष्ट या आकड्यांवरून दिसते. हुकमी खेळाडूचे गुण आणि संघाचे यश या दोन वेगळ्या राशी आहेत. पहिली वाढली म्हणजे दुसरी वाढेलच असे नाही. असे का व्हावे?

सरासरी आणि पुढची फेक

एक काल्पनिक संघ घेऊ. अटीतटीच्या एका सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात या संघाला २० वेळा फेक करायची संधी मिळते. सोयीसाठी प्रत्येक यशस्वी फेकीला दोन गुण धरू. संघात एक हुकमी खेळाडू आहे आणि चार साधारण. साधारण खेळाडूंच्या १०० फेकींपैकी ४० यशस्वी होतात.

हुकमी खेळाडूचे यश किती? इथेच खरी मेख आहे. त्याचे यश हा एक ठरलेला आकडा नसतो. तो थोड्या फेका करतो तेव्हा त्यांतली प्रत्येक निवडून केलेली असते. जागा चांगली, समोरचा खेळाडू बेसावध, तोल नीट. जसजशा फेका वाढतात तसतशा चांगल्या संधी संपतात आणि अवघड संधीही घ्याव्या लागतात. शिवाय बचाव करणारे त्याच्याकडे जास्त लक्ष देऊ लागतात, एकाऐवजी दोघे त्याला घेरतात, आणि तो दमतोही. त्यामुळे फेका वाढल्या की यशाचे प्रमाण घटते. आपण असे धरू की त्याने २० पैकी 'न' फेका केल्या, तर त्याचे यश शेकडा (७० – २न) असते. म्हणजे ५ फेका केल्या तर शेकडा ६०, १० केल्या तर शेकडा ५०, सगळ्या २० केल्या तर शेकडा ३०. आता कोष्टक मांडू.

| हुकमी खेळाडूच्या फेका | त्याचे यश (शेकडा) | त्याच्या बास्केट | इतरांच्या बास्केट | संघाच्या एकूण |
|---|---|---|---|---|
| ० | – | ० | ८.० | ८.० |
| ५ | ६० | ३.० | ६.० | ९.० |
| ८ | ५४ | ४.३ | ४.८ | ९.१ |
| १० | ५० | ५.० | ४.० | ९.० |
| १२ | ४६ | ५.५ | ३.२ | ८.७ |
| १५ | ४० | ६.० | २.० | ८.० |
| १७ | ३६ | ६.१ | १.२ | ७.३ |
| २० | ३० | ६.० | ० | ६.० |

(अपूर्णांकात बास्केट होत नाही, हे खरे. पण असे अनेक सामने झाले तर सरासरी किती पडेल, ते हे आकडे सांगतात.)

कोष्टकाची १० फेकींची ओळ पाहा. हुकमी खेळाडूचे यश शेकडा ५० आहे आणि इतरांचे ४०. प्रशिक्षक म्हणेल, "अजून तोच सरस आहे, त्यालाच आणखी चेंडू द्या." ऐकायला हे बरोबर वाटते. पण ११वी फेक त्याने केली तर त्याचे यश शेकडा ४८ होते आणि त्याच्या बास्केट ५.० वरून ११ × ०.४८ = ५.२८ वर जातात. म्हणजे त्या एका जादा फेकीतून मिळाले फक्त ०.२८. तीच फेक दुसऱ्याने केली असती तर ०.४० मिळाले असते. जादा फेकीपायी त्याच्या आधीच्या दहा फेकीही थोड्या थोड्या अवघड झाल्या, हे सरासरी पाहताना लक्षात येत नाही.

प्रशिक्षकाची चूक कुठे झाली? त्याने दोघांच्या सरासरीची तुलना केली. तुलना करायला हवी होती ती पुढच्या फेकीची. सरासरी आतापर्यंत काय झाले ते सांगते. निर्णय मात्र यापुढच्या फेकीबद्दल घ्यायचा असतो. आपल्या संघात आठवी फेक बरोबर ०.४० देते आणि नववी ०.३६. म्हणून सात किंवा आठ फेकींपाशी संघाचे यश सर्वांत जास्त असते.

आता १५ फेकींची ओळ पाहा. 'सरासरी चांगली आहे तोवर त्यालाच देत राहा' हा नियम पाळला तर आपण इथेच येऊन थांबू, कारण इथे दोघांचे यश सारखे होते. आणि संघाच्या एकूण बास्केट किती? ८.०. हुकमी खेळाडूने एकही फेक केली नसती तरी ८.०च झाल्या असत्या! एवढा चांगला खेळाडू संघात असून त्याचा फायदा पुरता नाहीसा झाला. त्यालाच सगळ्या २० फेका दिल्या तर तो नसता तर बरे, अशी स्थिती येते.

आणखी एक गंमत तिसऱ्या रकान्यात आहे. आठपासून सतरा फेकींपर्यंत संघाच्या बास्केट कमी कमी होत जातात, पण हुकमी खेळाडूच्या स्वतःच्या बास्केट वाढतच राहतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येईल, "एकाकी झुंज व्यर्थ". प्रत्यक्षात झुंज एकाकी होती म्हणूनच ती व्यर्थ गेली, असेही असू शकते.

जवळचा रस्ता

हेच गणित रस्त्यांनाही लागू पडते, हे वाचून नवल वाटेल. समजा, एका गावाहून तालुक्याला जायला दोन रस्ते आहेत. जवळचा रस्ता अरुंद आहे. त्यावर जितक्या गाड्या असतील तितकी मिनिटे लागतात. लांबचा रस्ता रुंद आहे, त्यावर केव्हाही २० मिनिटे लागतात. सकाळी २० गाड्या निघतात. प्रत्येक चालक विचार करतो, की जवळच्या रस्त्याने फार तर २० मिनिटे लागतील, कमी लागली तर फायदाच. सगळे त्याच रस्त्याने जातात आणि सगळ्यांना २० मिनिटे लागतात. जवळचा रस्ता असून नसल्यासारखा झाला. दहा गाड्या लांबच्या रस्त्याने गेल्या असत्या तर त्यांना २० मिनिटेच लागली असती, पण उरलेल्या दहा जणी १० मिनिटांत पोहोचल्या असत्या. कोणाचेही नुकसान न होता सरासरी १५ मिनिटांवर आली असती. या जातीचे कोडे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली मांडले. १९६८ मध्ये डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञाने याहून चक्रावणारी गोष्ट दाखवली, की काही वेळा नवा रस्ता बांधल्यामुळे सगळ्यांचाच प्रवास लांबतो.

अमेरिकेतील ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्रज्ञाने विद्यार्थी असतानाच या रस्त्यांच्या गणिताची बास्केटबॉलशी सांगड घातली. त्याचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या मांडणीत चेंडू म्हणजे गाडी आणि खेळाडू म्हणजे रस्ते. हुकमी खेळाडू हा जवळचा रस्ता. त्यावरून फार गाड्या गेल्या की तोही तुंबतो. फेका वाढल्या की यश घटते, ही रेषा खऱ्या खेळाडूसाठी कशी काढता येईल, ते त्याने रे ॲलन या नामांकित खेळाडूच्या आकडेवारीवरून दाखवले. आपण घेतलेले ७० आणि २ हे आकडे मात्र केवळ समजुतीसाठी आहेत. प्रत्येक खेळाडूची रेषा वेगळी असते. एखाद्याची फार हळू उतरते, एखाद्याची झपाट्याने. इतरांचे यशही काही स्थिर राहत नाही. त्यामुळे खऱ्या संघात उत्तर सात येईल, दहा येईल किंवा बाराही येईल. बदलत नाही ती रीत: सरासरीकडे न पाहता पुढच्या फेकीकडे पाहायचे.

फक्त एकच फेक उरली असेल तर?

वाचक म्हणतील, वीस फेकींचे ठीक आहे, पण शेवटच्या सेकंदाला एकच फेक उरलेली असते. तिथे वाटणी कसली करणार? तिथे तरी हुकमी खेळाडूलाच चेंडू द्यावा ना?

इथे दुसरे गणित कामाला येते. शेवटच्या क्षणी समोरचा संघही विचार करत असतो. त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत: हुकमी खेळाडूवर दोघांचा पहारा बसवायचा, किंवा नेहमीसारखा एकेकावर एकेक ठेवायचा. दोघांचा पहारा बसवला तर दुसरा कोणीतरी मोकळा सुटणार. पुन्हा काही काल्पनिक आकडे घेऊ.

| | साधा पहारा | हुकमी खेळाडूवर दुहेरी पहारा |
|---|---|---|
| हुकमी खेळाडूची फेक | शेकडा ५० | शेकडा ३५ |
| जोडीदाराची फेक | शेकडा ३० | शेकडा ५५ |

फेक नेहमी हुकमी खेळाडूच करणार हे ठाऊक असेल, तर समोरचे डोळे मिटून दुहेरी पहारा बसवतील आणि यश शेकडा ३५ वर येईल. नेहमी जोडीदारालाच द्यायचे ठरवले तर ते साधा पहारा ठेवतील आणि यश शेकडा ३० होईल. दोन्ही वाटा वाईट. पण दर आठ वेळांपैकी पाच वेळा हुकमी खेळाडूने आणि तीन वेळा जोडीदाराने फेक करायची, आणि कोणत्या वेळी कोण हे आधी कळू द्यायचे नाही, असे ठरवले तर? साधा पहारा असेल तर (५ × ५० + ३ × ३०) ÷ ८ = ४२.५. दुहेरी पहारा असेल तर (५ × ३५ + ३ × ५५) ÷ ८ = ४२.५. समोरच्यांनी काहीही केले तरी शेकडा ४२.५ कुठे जात नाही. अंदाज लागू न देण्याची किंमत शेकडा साडेसात, इतकी चोख मोजता येते.

अशा लढतींच्या गणिताचा पाया जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली घातला. आपल्याकडे पत्ते खेळणारा कोणीही ते अनुभवाने जाणतो. हुकूम हातात आहे हे समोरच्याला ठाऊक असले तरी तो केव्हा पडेल हे ठाऊक नसते, त्यातच त्याचे बळ असते.

या कोष्टकाकडे पुन्हा पाहिले, की शिकागोच्या दोन अंतिम सामन्यांचा अर्थ नीट लागतो. १३ जून १९९७ रोजी शिकागोचा सामना युटा जॅझशी होता. शेवटच्या काही सेकंदांत ८६–८६ अशी बरोबरी होती. जॉर्डनने त्या सामन्यात ३९ गुण केले. चेंडू त्याच्या हातात आला तेव्हा युटाचा जॉन स्टॉकटन आपला खेळाडू सोडून त्याच्यावर धावून आला. स्टॉकटन येणार हे जॉर्डनने आधीच ताडले होते आणि मधल्या विश्रांतीत स्टीव्ह करला तसे सांगूनही ठेवले होते. त्याने चेंडू स्टीव्ह करकडे टाकला. पाच सेकंद उरले असताना स्टीव्ह करने बास्केट केली आणि शिकागो ९०–८६ असा जिंकला.

पुढच्याच वर्षी, १९९८ साली, त्याच युटाविरुद्ध शिकागो एका गुणाने मागे होता. या वेळी दुहेरी पहारा आला नाही. जॉर्डनने स्वतः फेक केली, ५.२ सेकंद उरले होते, आणि शिकागो ८७–८६ असा जिंकला. त्या ८७ पैकी ४५ गुण जॉर्डनचे होते.

पहिली गोष्ट संघभावनेची आणि दुसरी एका वीराची, असे म्हणायची आपल्याला सवय आहे. गणिताच्या दृष्टीने दोन्ही एकाच डावपेचाच्या दोन बाजू आहेत. जॉर्डनची धास्ती होती म्हणून स्टीव्ह कर मोकळा सुटला. आणि मागच्या वर्षी स्टीव्ह करला मोकळे सोडणे महागात पडले, हे दुसऱ्या वर्षी युटाच्या खेळाडूंना आठवले असेल तर नवल नाही. हुकमी खेळाडूमुळे संघाला जागा मिळते, तशी संघामुळे हुकमी खेळाडूलाही मिळते.

गणितात न मावणारी गोष्ट

वरच्या कोष्टकात जोडीदाराचे शेकडा ५५ आपण सहज लिहून टाकले. पण वर्षभर ज्याच्याकडे चेंडू आलाच नाही, त्याचा हात शेवटच्या सेकंदाला स्थिर कसा राहील? पॅक्सन आणि स्टीव्ह कर यांच्यावर वर्षभर विश्वास टाकलेला होता. शेवटच्या फेकीची तयारी शेवटच्या मिनिटात होत नाही.

दुसऱ्या बाजूने हुकमी खेळाडूचे मनही असते. १९९३च्या ऑक्टोबरात जॉर्डनने निवृत्ती जाहीर केली (पुढे तो परत आला). त्यानंतरच्या हंगामात शिकागोचा भार पिपेनने वाहिला. १३ मे १९९४ रोजी न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात १०२–१०२ अशी बरोबरी होती आणि १.८ सेकंद उरले होते. फिल जॅक्सनने शेवटची फेक टोनी कुकोचला दिली. पिपेनला ते इतके लागले, की तो मैदानात उतरलाच नाही, बाकावर बसून राहिला. कुकोचने बास्केट केली आणि शिकागो जिंकला. पिपेनने नंतर सहकाऱ्यांची माफी मागितली. डावपेच म्हणून निर्णय योग्य असेल, पण त्याने एक चांगला माणूस दुखावला. चेंडू वाटून खेळण्याची किंमत हुकमी खेळाडूला मोजावी लागते, हे प्रशिक्षकाने विसरू नये. ही वाटणी का करायची, ते त्याला आधीच समजावून सांगितले पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. आपल्या आकड्यांत उत्तमातल्या उत्तम डावपेचालाही शेकडा ४२.५ एवढेच यश आहे. म्हणजे शंभरापैकी सत्तावन्न-अठ्ठावन्न वेळा फेक चुकणारच. पॅक्सनची फेक चुकली असती तर लोकांनी "जॉर्डनला का दिला नाही?" म्हणून त्याला धारेवर धरले असते. हुकमी खेळाडूची फेक चुकली तर "त्याने प्रयत्न तरी केला" म्हणतात. साधारण खेळाडूची चुकली तर त्याला नावे ठेवतात. या भीतीपोटी पुष्कळदा प्रशिक्षक वाईट निर्णय घेतात, कारण त्या निर्णयाबद्दल त्यांना कोणी बोल लावत नाही. निर्णय चांगला होता की वाईट, हे एका फेकीच्या निकालावरून ठरवू नये. तो घेताना जी माहिती हाताशी होती, तिच्यावरून ठरवावे.

करून पाहा

हा प्रयोग वर्गात करता येईल. एक बादली, रद्दी कागदाचे बोळे आणि खडूची एक रेघ एवढे साहित्य पुरे. बादलीपासून तीन मीटरवर रेघ मारा. आधी प्रत्येकाला दहा-दहा बोळे टाकायला देऊन कोणाचा नेम चांगला ते ठरवा.

मग तीन-तीन जणांचे गट करा: एक हुकमी नेमबाज, एक जोडीदार आणि त्यांच्यासमोर हात वर करून उभा राहणारा एक राखणदार. दोघे रेघेवर दोन पावलांच्या अंतराने उभे राहतील. राखणदाराने प्रत्येक फेकीआधी दोघांपैकी कोणासमोर उभे राहायचे ते ठरवावे. पहिल्या फेरीत सगळे ४० बोळे नेमबाजानेच टाकायचे आणि हे राखणदाराला सांगून ठेवायचे. दुसऱ्या फेरीत आठ चिठ्ठ्या घ्या, पाचांवर नेमबाजाचे आणि तीनांवर जोडीदाराचे नाव लिहा. प्रत्येक वेळी एक चिठ्ठी उचलून ती गुपचूप वाचायची, परत मिसळायची आणि त्याप्रमाणे फेक करायची. राखणदाराला चिठ्ठी दिसता कामा नये. दोन्ही फेऱ्यांतले यश मोजा. चार-पाच गटांचे आकडे एकत्र केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. चाळीस फेकींत योगायोगाचा भाग बराच असतो, आणि तो किती असतो हे कळणे हाही या प्रयोगाचा एक हेतू आहे.

मग मुलांना विचारा: पाच आणि तीन हे प्रमाण तुमच्या गटाला योग्य होते का? जोडीदाराचा नेम आणखी कच्चा असता तर चिठ्ठ्यांची वाटणी कशी बदलली असती? दोन्ही पहाऱ्यांत यश सारखे येईल असे प्रमाण काढायचे असेल तर समीकरण कसे मांडाल?

एका शिक्षकाने शोधलेला खेळ

बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकानेच शोधून काढला. १८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला, थंडीच्या दिवसांत चार भिंतींच्या आत खेळता येईल असा खेळ हवा होता. त्याने सज्जाला दोन्ही टोकांना पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले आणि तेरा नियम लिहिले. त्यांतला एक नियम असा होता, की चेंडू घेऊन पळायचे नाही; जिथे पकडला तिथूनच तो टाकायचा. म्हणजे एकट्याने चेंडू पुढे नेण्याची सोयच नव्हती. टिप्पा देत धावणे पुढे आले.

शिक्षकांसाठी या गणिताचा शेवटचा धडा वर्गातला आहे. तपासणीला कोणी आले, की आपला चेंडू आपसूक पहिल्या बाकाकडे जातो. ठरलेले तीन-चार हात वर होतात, उत्तरे बरोबर येतात, आपली सरासरी छान दिसते. पण वर्ग म्हणजे सामना नव्हे, आणि तिथे तर पुढच्या प्रश्नाचा हिशेब आणखी स्पष्ट आहे. ज्याला उत्तर येतेच आहे त्याला आणखी एकदा विचारून त्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. मागच्या बाकावरचा मुलगा अडखळेल, चुकेल, वेळ घेईल, पण त्या एका प्रश्नातून त्याला जे मिळेल ते पहिल्या बाकावरच्याच्या दहाव्या उत्तराहून मोठे असेल. उद्याच्या तासाला प्रश्न विचारण्याआधी क्षणभर थांबून एवढेच पाहावे, की आज अजून कोणाकडे चेंडू गेलेला नाही.